एका लुगड्याच्या रुंदीचे राज्य

श्री चौंडेश्वरी प्रसन्न. जिच्या कृपेने धाग्यास धागा लागतो आणि तुटला तर गाठ बसते, तिचे पायी डोई ठेवून लिहिणे आरंभिले. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. गल्लीच्या तोंडाशी जो बारा मजली मनोरा उभा जाहला, त्यातील नव्या सुना सायंकाळी पाय मोकळे करावयास निघतात, त्यांनी आमच्या ओट्याशी थांबोन पुसिले की, "आजी, ही गल्ली पुढं एवढी रुंद आणि तुमच्या घरापासून एकदम अरुंद का हो? आणि तुमच्या घराचा कोपरा असा रस्त्यात का आलाय? आमची गाडी घासते." तेव्हा गाडी घासते म्हणजे चालविणारा कच्चा, हे तर आम्ही तेथल्या तेथे सांगितले. परंतु बाकीच्या प्रश्नास उभ्या उभ्या उत्तर देणे या गल्लीच्या राज्याच्या इभ्रतीस शोभेना, सबब साद्यंत हकीकत लिहून देतो. अक्षर आमचे बेताचे, शाळा तिसरीत सुटली, पण लिहितो ते डोळां देखिले, कानी ऐकिले, आणि मूळ घडले ते आमच्याच हातून घडले. राज्याचे नाव मात्र लिहीत नाही. नाव लिहिले की जागेचा भाव चढतो आणि दलाल येऊन ओट्यावर बसतात.

शके अठराशे शहाऐंशी, क्रोधीनाम संवत्सरी, फाल्गुन मासी राज्याची स्थापना जाहली. गिरणीच्या कापडाने गावोगावचे हातमाग थंड पडले, आणि मग चाळीस घरची कोष्टी मंडळी माग मोडून, लाकडे बैलगाडीत घालून, बायकापोरांसह या महानगरी आली आणि भाड्याच्या खोल्यांतून नांदू लागली. परंतु खोलीत माणूस मावते, माग मावत नाही. माग बसवावयास जमिनीत खड्डा लागतो, त्यात पाय सोडून विणकर बसतो, आणि घरमालक म्हणे की फरशी फोडाल तर याद राखा. मग मंडळींनी सरकारदरबारी अर्जावर अर्ज केले आणि तीन वर्षांनी सरकारने शहराबाहेर एक तुकडा दिल्हा. तेथे बाभळी, एक पडकी विहीर आणि एक ओढा, याउपर काही नाही. शहरचे लोक हसोन बोलिले की तिकडे कोल्हे राहतात. आमचे लोक बोलिले की राहत होते.

मग सरकारी मोजणीदाराने येऊन चारी बाजूंच्या हद्दी घालून दिल्या आणि सांगितले की आतला रस्ता तुमचा तुम्ही सोडा, आणि तो गेला. जाताना साखळी ठेवून जातो म्हणत होता, तर मंडळींनी घेतली नाही. साखळी त्याची, जमीन आमची, आणि लोखंडाचा भरवसा कोष्ट्यास कधी नव्हता. आमच्या लोकांस माप एकच ठाऊक, मागावरून उतरलेले कोरे लुगडे, नऊ वार म्हणजे नऊ वार, बाजारात त्यास कोणी दुसऱ्याने मोजून पाहावयाचे नाही. म्हणोन मसलत ठरली की रस्ता एका लुगड्याच्या रुंदीचा, म्हणजे नऊ वार रुंद, सोडावा, इतका की दोन सुताच्या गाड्या समोरासमोर आल्या तरी कोणी कोणास शिवी देऊ नये. लुगडे कोणाचे घ्यावे याजवर वाद जाहला आणि शेवटी आमच्या यजमानांचे घेतले. कारण यजमानांचे वय पंचवीस असता त्यांच्या मागाची ख्याती ऐसी होती की व्यापारी म्हणत, हे लुगडे कोरे जेवढे तेवढेच धुतलेले, बोटभर आटत नाही. तो मान त्या दिवशी मिळाला आणि आमचे सासरे त्या आनंदात दोन वेळा जेवले.

उत्तरेच्या बाजूस तोंडापासून ओढ्यापर्यंत सुतळी ताणून वीस घरांची सरळ ओळ आखली. मग त्या सुतळीपासून लुगडे आडवे धरून दक्षिणेस खुंटी ठोकावयाची, ऐसे घराघरासमोर करीत जावयाचे, असा क्रम. लुगडे खळ लावलेले, कडक, पत्र्यासारखे वाजणारे. पहिल्या दिवशी दहा खुंट्या ठोकोन सूर्य मावळला. लुगडे दिवसभर मातीतून फिरोन मळले होते आणि ते ठेवावयास आमच्याकडे दिले. आम्ही नव्या नवऱ्या, लग्नास आठ दिवस, हौस दांडगी आणि अक्कल यावयाची होती. मनात आले की एवढ्या मानाचे लुगडे, उद्या सर्व मंडळींच्या समोर मळके कसे न्यावे. म्हणोन उजाडताच विहिरीवर गेलो, घंगाळात कढत पाणी केले, सोडा घातला, लुगडे बुडवून आपटून आपटून स्वच्छ केले आणि दोरीवर वाळत घातले. फाल्गुनाचे ऊन, चहा होईतो वाळले. घडी करून नेऊन दिल्हे आणि शाबासकीची वाट पाहत डोईवरचा पदर सावरीत उभे राहिलो.

मग अकरावी खुंटी ठोकिली ती आत आली. दहाव्या खुंटीच्या दोन फूट आत. मंडळीत थोर होते ते अण्णा फासे, त्यांनी एक डोळा मिटोन दहा खुंट्यांच्या ओळीकडे पाहिले आणि बोलिले, "पोरा, खुंटी आत आली रं." तेव्हा यजमान जे कधी थोरांपुढे मान वर करीत ना, ते एकाएकी गर्जोन बोलिले की, "अण्णा, खुंटी जागेवर हाय. आमच्या मागाचं लुगडं बोटभर आटत न्हाई, हे साऱ्या मुलखाला ठावं हाय." आणि अण्णांनी लुगड्याकडे पाहिले, मग यजमानांकडे पाहिले, मग आम्हांकडे पाहिले, आणि डोईचे मुंडासे नीट करून बोलिले, "बरं. नऊ वार ते नऊ वार. ठोका." मग पुढील नऊही खुंट्या त्याच लुगड्याने ठोकिल्या. लेखी दस्त जाहला की रस्त्याची रुंदी आरंभापासून शेवटापर्यंत एक लुगडे, म्हणजे नऊ वार, आणि चाळीस जणांनी सही-अंगठा केला. देवीपुढे चिठ्ठ्या टाकून घरे वाटिली, तो दक्षिणेचे अकरावे घर आमचे निघाले. म्हणोन आमच्याच घराचा कोपरा दोन फूट रस्त्यात आला आणि त्या कोपऱ्यासच पुढे सर्व लोक बुरूज म्हणों लागले. आमचे पक्के ठरले की आम्ही लुगडे धुतले हे आमच्यावाचून कोणास ठाऊक नाही, आणि आम्ही ते मरेतो कोणास सांगणार नाही.

आता या बुरुजाने राज्यास कैसे वळण लाविले ते ऐकावे. गल्ली तोंडाशी सत्तावीस फूट आणि बुरुजापासून पंचवीस, त्यात दोहों बाजूंस सूत वाळत आणि गाड्या उभ्या, त्यामुळे मोठी गाडी बुरुजाशी आली की थांबावे लागे, आणि समोरून दुसरी आली की एकीने मागे सरावे लागे. थांबले की माणूस बोलते. कोणाच्या सुनेस दिवस गेले, कोणाचे सूत महाग पडले, कोणाचा पोर शाळा चुकवून ओढ्यावर खेकडे धरितो, ही सर्व खबर बुरुजाशी फुटे. नवरदेवाचे घोडे बुरुजाशी आडवे होऊन जाई, त्यास वेळ लागे, म्हणोन आम्हीच ओवाळावयाचा पाट ठेविला, आणि मग रिवाज ऐसा पडला की या राज्याची कोणतीही नवी नवरी बुरुजाशी ओटी भरल्यावाचून घरी जात नाही. बँडवाल्यांस ठाऊक असे की येथे मोठा कर्णा खाली करावयाचा. एकदा सुताच्या गठ्ठ्यांची गाडी अडकली आणि गाडीवान आम्हांस बोलिला, "बाई, तुमचा कोपरा जरा काढा की." आम्ही म्हटले, "तुझे बैल बारीक कर." तो शेजारच्या बाराव्या घरातून गोदूबाई दिवटे बाहेर आली आणि बोलिली, "वैनी, बैल बारीकच हायेत. तुमच्या भिंतीनंच बाळसं धरलंय."

ही गोदूबाई कोण, तर आमच्याहून दोन वर्षांनी धाकटी आणि जिभेने दोन हात थोरली. आमच्या मागोमाग दोन महिन्यांनी त्या घरी सून होऊन आली, आम्हांस वैनी म्हणे आणि आमच्या यजमानांस दाजी. तिचे आमचे भांडण झाले नाही असा पंधरवडा सरकारी पंचांगात सापडावयाचा नाही. सांडपाण्यावरून झाले, कोंबडीवरून झाले, आमच्या पोराने तिच्या पोरीस वेणीला धरून ओढिले त्यावरून झाले, आणि एकदा तर कशावरून हे दोघींस आठवेना म्हणोन मध्येच थांबले. परंतु पहिल्या पंचेचाळीस वर्षांत तिने आमच्या वडापापडांपासून आमच्या माहेरापर्यंत सर्वांस नावे ठेविली, बुरुजास ठेविली, आणि लुगड्याविषयी मात्र चकार शब्द काढिला नाही. तेव्हा हे आमच्या ध्यानात आले नाही. आपला विजय होत असता माणसाच्या ध्यानात फार थोडे येते.

मग राज्य वाढत गेले. नळ आले आणि विहीर बुजविली. वीज आली आणि माग चालता चालता रेडिओ लागू लागला. शाळा आली, देवीचे देऊळ झाले. मातीच्या भिंती गेल्या, विटा आल्या, एकाचे दोन मजले झाले. आणि मग यंत्रमाग आले, ते आडवे सूत नेणाऱ्या शंभर धोट्यांचा आवाज करून दिवसाला जे विणीत ते आम्ही महिन्यात विणीत नव्हतो. मग एकेक माग निघाला. मागाच्या लाकडाचे पलंग झाले, खड्डे बुजवून वर लाद्या बसल्या, पोरे बँकेत गेली, कचेरीत गेली, कॉम्प्युटरात गेली, आणि चाळीस मागांचे राज्य तीन मागांवर आले. एक अण्णा फाश्यांचे चिरंजीव भानुदास यांचा, एक आमचा आणि एक गोदूबाईचा. तिघांच्याही लुगड्यांची मागणी कमी न होई, कारण नऊवारी नेसणाऱ्या थोड्या उरल्या तरी विणणारे त्याहून थोडे उरले होते. शहर मात्र चहूंकडून येऊन आम्हांस भिडले, ओलांडून दहा कोस पुढे गेले, आणि जे हसले होते त्यांची नातवंडे आमच्या गल्लीत खोली मिळते का म्हणोन विचारू लागली. आम्ही म्हटले, कोल्ह्यांस विचारून सांगतो.

शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सर. संवत्सराने आपले नाव राखिले. यजमान जाऊन अकरा वर्षे झाली होती. गल्लीच्या तोंडाशी सुताचे गोदाम होते त्या जागी तो बारा मजली मनोरा उभा जाहला आणि मनोऱ्यातील लोकांनी महानगराच्या दरबारी अर्ज केला की गल्ली मध्येच अरुंद होते, गाड्यांस त्रास, सबब चौकशी व्हावी. मग चैत्र मासी दरबाराच्या मोजणीच्या बाईसाहेब आल्या. नाव वृंदा खानोलकर, वय सव्वीस, अंगी पँट आणि सदरा, डोईस उन्हाची टोपी. त्यांनी जुना दस्त काढून आणिला होता. तोंडाशी टेप लाविली, सत्तावीस फूट. बुरुजापुढे लाविली, पंचवीस. शेवटास लाविली, पंचवीस. आणि बोलिल्या, "कागदावर शेवटपर्यंत नऊ वार आहेत, म्हणजे सत्तावीस फूट. मग इथले दोन फूट गेले कुठं?" आम्ही म्हटले, "तुमची टेप आटली असेल." त्या हसल्या नाहीत. पोर वाईट नव्हती, कामात होती. त्यांनी लिहिले की दक्षिणेच्या अकरा ते वीस या दहा घरांनी रस्त्याची दोन फूट जागा दाबिली आहे, आणि पंधरा दिवसांनी देवळाच्या सभामंडपात सुनावणी होईल, तेथे घरवाल्यांस योग्य कारण न दाखविता आले तर दहाही घरांच्या पुढल्या भिंती दोन फूट मागे घ्याव्या लागतील. नोटीस दारोदार चिकटली. चोर हा शब्द तिच्यात नव्हता, पण अर्थ होता.

आमच्या घरास त्याने ओटा आणि बुरूज जात होता, तो गेला असता तर आम्ही वर्षभर बोललो असतो आणि जगलो असतो. परंतु गोदूबाईचा माग पुढल्या खोलीत, भिंतीस लागून, खिडकीच्या उजेडाशी. खड्डा भिंतीपासून हातभरावर. भिंत दोन फूट आत आली की खड्डा रस्त्यात. मागे सरकवावा तर मागे चूल आणि तिची मोरी, जागा नाही. नवरा गेल्यावर त्याच मागावर तिने दोन पोरींची लग्ने केली आणि मुलगा शिकविला, तो कुठे चौथ्या मजल्यावर राहत होता. आठव्या दिवशी ती बुरुजाशी आली आणि बोलिली, "वैनी, मागावर चढवलेल्या उभ्या सुताचा हा ताणा संपला की माग उतरवते. पोराकडं जाईन." आम्ही म्हटले, "तिथं माग लाव." ती बोलिली, "चौथ्या मजल्यावर खड्डा कोण खणू देतंय? खालच्याच्या डोक्यावर पाय यायचे माझे." आणि हसली, आणि टोमणा न मारिता परत गेली. गोदूबाई टोमणा न मारिता गेली हे पंचेचाळीस वर्षांत प्रथम देखिले, आणि आम्हांस त्या दिवशी जेवण गेले नाही.

कारण उत्तर आमच्यापाशी होते. एक शब्द. दोन फूट कोणी दाबिले नाहीत, लुगडे आटले, आणि ते आम्ही धुतले म्हणून आटले. परंतु तो शब्द उच्चारिला की यजमानांचा शब्द खोटा ठरतो, थोरांच्या समोर, चाळीस घरांच्या समोर, देवीच्या जागेवर बोललेला. त्यांच्या पश्चात त्यांचे काय उरले होते, तर एक फोटो, एक माग आणि आमच्या मागाचे लुगडे आटत नाही हे एक बोलणे. दिवसभर मनाशी तोलीत बसलो. एका पारड्यात गोदीचा खड्डा, एका पारड्यात धन्याचे बोलणे, आणि तराजू हलेना.

सुनावणीचे दिवशी सभामंडप भरला. बाईसाहेब टेबल मांडून बसल्या आणि बोलिल्या की कोणास काही सांगावयाचे असेल तर सांगावे. कोणी बोलेना. दहा घरची माणसे, ज्यांच्या भिंती जावयाच्या ती, गप्प. भानुदास फासे छताकडे पाहत. बाईसाहेबांनी पुन्हा विचारिले. मग आम्हीच गोदूबाईस कोपर मारिले, "गोदे, बोल की. एरवी तुझी जीभ उंबऱ्यात मावत नाही." ती हलक्या आवाजात बोलिली, "काय बोलू? नऊ वार ते नऊ वार. तुमच्या मागाचं लुगडं आटत न्हाई." आणि हे ती आम्हांस चिडवावयास बोलिली नाही. तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. मग आम्ही मंडपावर नजर फिरविली, आणि जो तो खाली पाहत होता, आणि तेव्हा कोठे आमच्या टाळक्यात उजेड पडला. कोष्ट्याच्या डोळ्यास दोन सुतांचा फरक दिसतो. त्यास दोन फूट दिसले नसतील काय. अण्णांस दिसले, अण्णांनी घरी सांगितले, घरांनी सुनांस सांगितले, सुनांनी पोरांस, आणि चाळीस घरे पंचेचाळीस वर्षे बुरुजास वळसा घालीत राहिली आणि आमच्या तोंडावर एक शब्द बोलिली नाहीत. आज भिंती जावयाची वेळ आली तरी बोलत नव्हती.

मग आम्ही उठलो. गुडघे तेव्हाही धड नव्हते, मंडपाचा खांब धरिला आणि बोलिलो, "आटलं." बाईसाहेब पुसत्या जाहल्या, "काय आटलं, आजी?" आम्ही म्हटले, "लुगडं. ज्यानं रस्ता मोजला ते. पहिल्या दहा घरांना कोरं होतं. मग मी धुतलं. कढत पाण्यानं. पुढची दहा घरं धुतलेल्यानं मोजली. कुणी जागा दाबली न्हाई, मी दाबली, सोड्यानं." मंडपात कोणी खोकले. बाईसाहेब लेखणी हाती धरून बसल्या आणि बोलिल्या, "आजी, हे मी फायलीत कसं लिहू?" आम्ही म्हटले, "मराठीत लिही." त्या बोलिल्या की माझी ना नाही, पण वरचे साहेब विचारतील की लुगडे खरेच एवढे आटते याला पुरावा काय. आम्ही म्हटले, पुरावा घरी आहे, थांब.

आमच्या मागावरून परवाच उतरलेले हिरव्या काठाचे कोरे लुगडे आणविले, त्याच सुताचे, तसेच विणलेले, तीच खळ. देवळाच्या अंगणात बाईसाहेबांनी स्वतः टेप लाविली, सत्तावीस फूट पुरे. मग चुलीवर घंगाळ चढविले, सोडा घातला, आणि आम्हीच बुडविले, आम्हीच आपटिले, कोणास हात लावू दिला नाही. दोरीवर घातले. चैत्राचे ऊन, दोन घटका लागल्या. तोवर बाईसाहेबांस पोहे दिले, चहा दिला, आणि बायकांनी त्यांचे लग्न झाले का, नसल्यास का, मुलगा कसा हवा, हे सर्व विचारून घेतले, तेव्हा सरकारी काम करणे सोपे नाही हे त्या पोरीच्या तोंडावर दिसले. लुगडे वाळले. मग एक टोक भानुदासाने धरिले आणि एक गोदूबाईने, आणि बाईसाहेब टेप लावून वाकल्या आणि बोलिल्या, "सव्वीस फूट दहा इंच." आणि सरळ होऊन बोलिल्या, "आजी, हे तर आटलंच नाही."

आम्ही चकित होऊन पाहिले, तो गोदूबाईच्या टाचा मातीत रुतल्या होत्या, मानेची शीर तट्ट फुगली होती, आणि ती जात्याच्या खुंट्यासारखे लुगड्याचे टोक दोन्ही मुठींत धरून मागे रेलली होती. पलीकडे भानुदास तसाच, आणि त्याच्या कमरेस त्याचे दोन भाऊ धरोन मागे ओढीत होते, आणि ज्या दहा घरांच्या भिंती जावयाच्या त्यांतील बायका मागे उभ्या राहून ओठांनी म्हणत होत्या, ओढा, ओढा. लुगडे आटले तर त्यांचे घर वाचते, आणि त्या ते न आटावे म्हणोन जीव काढीत होत्या. लुगडे फाटावयास आले होते.

आम्ही म्हटले, "गोदे, सोड." ती दातांतून बोलिली, "सोडत न्हाई." "माग जाईल तुझा." "जाऊ दे. मागाला काय, लाकूडच ते. दाजींचा शब्द हाय ह्यो." आम्ही म्हटले, "शब्द चुकला होता त्यांचा. त्यांना ठाऊक नव्हतं मी धुतलं ते." तेव्हा गोदूबाई तशीच ओढीत, धापा टाकीत बोलिली, "खुळ्या का काय वैनी तुम्ही? दोरीवर लुगडं पहिलं दाजींनीच बघितलं. खुंटी आत आली तवा आमच्या ह्यांच्या कानात बोललं, ‘तिला येऊन आठ दिस झाल्यात. पाऊल वाईट म्हणून चाळीस घरांनी बोल लावायच्या आधी मीच बोलून टाकतो.’ आणि बोललं. मग त्यांनी बोलल्यावर आम्ही कशाला बोलतोय?" एवढे बोलोन तिने आणखी एक हिसका दिल्हा.

ज्या बोलण्यास आम्ही मागाची अब्रू म्हणोन जपत आलो, ते मागासाठी नव्हतेच. मग गोदूबाईजवळ गेलो आणि तिच्या मुठी एकेक बोट करून उघडिल्या, आणि तिच्या हातास काठाचे वळ उठले होते. तिला म्हटले, "ज्या कामासाठी बोलले ते काम झालं, गोदे. नवरी नांदली." मग तिने हात सैल केले. भानुदासाने सोडिले. लुगडे जमिनीवर पडले, सुरकुत्या घेऊन मागे सरले, आणि आम्ही ते हाताने नीट केले, न ताणिता, पोराचे अंगडे करावे तसे. बाईसाहेबांनी टेप लाविली. पंचवीस फूट एक इंच. त्यांनी एकवार सर्वांकडे पाहिले, टोपी काढिली, आणि मांडीवर कागद धरून तेथेच लिहिले आणि वाचून दाखविले की, "रस्त्याची रुंदी दस्ताप्रमाणे एक लुगडे. घर क्रमांक एक ते दहा, कोरे. अकरा ते वीस, धुतलेले. अतिक्रमण आढळले नाही." वरच्या साहेबांनी त्यावर काय म्हटले ठाऊक नाही, पण दरबारचा शिक्का पडला आणि आगीचा बंब आणून फिरवून पाहिला तो पंचवीस फुटांतून गेला. बुरुजाशी जरा घासला. चालविणारा कच्चा.

दुसरे दिवशी सकाळी गोदूबाई सूत घेऊन आली आणि ओट्यावर टाकून बोलिली, "वैनी, नवा ताणा लावायचाय, एक टोक धरा. आणि ओढू नका, तुमच्या हाताला काय दम न्हाई." आम्ही धरिले. त्या महिन्यापासून आमच्या मागाच्या लुगड्यास आम्ही चिठ्ठी लावितो की धुतल्यावर दोन फूट आटते, आणि म्हणोन दोन फूट अधिक विणितो. एक जुना व्यापारी चिठ्ठी वाचून बोलिला, "काकी, आटतात सगळ्यांचीच. चिठ्ठी तुमचीच पहिली पाहिली." मग त्याने सहा नेली. आज शके एकोणीसशे सत्तेचाळीस, तिन्ही माग चालू आहेत, आणि भानुदासाची नात सुट्टीत येऊन खड्ड्यात पाय सोडून बसते, धोटा टाकिते, धागे तोडिते, शिकेल.

सारांश. राज्य एका गल्लीचे. घरे चाळीस, मजले वाढले ते वेगळे, माग तीन. रुंदी एक लुगडे, अर्धी कोरी, अर्धी धुतलेली, शिक्क्यानिशी. बुरूज एक, तो राहील, मनोऱ्यातील सुनांनी गाडी हळू आणावी आणि थांबावे, थांबल्यावर चहा मिळेल. खोटे एक, ते एकाने बायकोसाठी बोलिले आणि चाळीस घरांनी पंचेचाळीस वर्षे सांभाळिले. या महानगरात ऐसे दुसरे राज्य असेल तर आणून दाखवावे, आम्ही ओट्यावर बसलो आहोत.